पट्टी आडवी होईपर्यंत

नाचणगावाकडून पुलगावात शिरलं की डाव्या हाताला एक दुमजली इमारत लागते. खाली पिठाची चक्की आणि वर अण्णाजी सरांचा टायपिंगचा क्लास. एकोणीसशे त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साली मी तिथे शिकत होतो. तेव्हा चक्की आणि टाइपरायटर एकदमच चालायचे, आणि जिन्यात उभं राहिल्यावर कुठला आवाज कुणाचा हे सांगणं कठीण होतं. वर पोहोचेपर्यंत अंगावर पिठाचा पातळ थर बसायचा. सर दारातच रुमाल घेऊन उभे असायचे. हात पुसल्याशिवाय मशीनला बोट लावायचं नाही.

त्या खोलीची मला अजून आठवण येते आणि आली की बरं वाटतं, हे आधीच सांगून टाकतो. उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या असायच्या. रिबिनच्या शाईचा वास आणि ओल्या वाळ्याचा वास एकमेकांत मिसळायचा. गरमीनं कार्बन पेपर कडेनं वळायचे. दुपारी आर्वीची छोटी गाडी शिटी देऊन निघाली की आमची बॅच सुरू व्हायची.

सरांच्या हातात एक लाकडी पट्टी असायची. तिची कड टेबलावर आपटून ते ठेका धरायचे. टक्, टक्, टक्. एका ठोक्याला एक अक्षर. सगळ्या खोलीनं त्या ठेक्यावर बोटं चालवायची. कुणी चुकलं की सर त्याच्या मागे येऊन उभे राहायचे आणि त्याच्या टेबलावर त्याच्यापुरता ठेका धरायचे, जरा मंद.

"उतर," म्हणायचे. "आधी उतर. हात साफ होऊ दे, मंग चढवतो."

दोन-चार ओळी साफ गेल्या की पट्टी पुन्हा चढायची. याहून जास्त ते कुणाला रागावल्याचं मला आठवत नाही.

क्लासचा एकच नियम होता. सरांनी पट्टी टेबलावर आडवी ठेवली की बॅच सुटली. ती आडवी होईपर्यंत कुणी खुर्चीवरून उठायचं नाही. एकदा भर मे महिन्यात सरांना खुर्चीतच डुलकी लागली. पट्टी हातात तशीच उभी. आम्ही टाइप करत राहिलो. पुढची बॅच जिन्यात येऊन उभी राहिली, खालून चक्कीवाला नत्थू बघून गेला, पण एकजणही उठला नाही. शेवटी सरांना जाग आली, त्यांनी पट्टी ठेवली आणि आम्ही हसत हसत खाली उतरलो. पुढे कितीतरी वर्षं भेटलो की हा किस्सा निघायचा.

ज्याचा हात बसला तो गाव सोडून जायचा. कुणी मुंबईला मंत्रालयात, कुणी नागपूरला कोर्टात. पेढे घेऊन यायचे, सरांच्या पाया पडायचे. त्या दिवशी संध्याकाळच्या बॅचला सरांचा ठेका मंद पडायचा. पोरं जातात याचं सरांना वाईट वाटतं, असं आम्ही म्हणायचो, आणि त्यात आम्हाला सरांचा मोठेपणा दिसायचा.

राहिली एक मयुरी. ही सरांची एकुलती एक मुलगी. आमच्याच बॅचला, सरांच्या टेबलासमोरच्या पहिल्या खुर्चीवर बसायची. तिच्याइतकी हलकी बोटं मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाहीत. ओळ संपली की तिचा डावा हात आपोआप उचलला जायचा आणि कागद धरणारी कॅरेज सरकवून परत यायचा, बघत राहावं असा. आणि तरी स्पीडच्या परीक्षेत ती दरवेळी थोडक्यात राहायची. सर सगळ्यात जास्त वेळ तिच्याच मागे उभे असायचे. "उतर, मयू. उतर." मी शेजारी बसायचो. तिच्या कागदावर मला कधी चूक दिसली नाही. सरांना दिसत असेल, असं मी समजायचो.

पुढे मी वर्ध्याला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये लागलो आणि जवळच पिपरी मेघेत घर केलं. गावातले लोक मला इंजिनिअर म्हणतात. मी इंजिनिअर नाही, पण त्यांचा गैरसमज दूर करायची मला घाई नाही. भुताखेतांच्या गोष्टींचा मात्र मला कंटाळा आहे, कारण त्यांत कुणीच कधी लॉग, म्हणजे मशीननं ठेवलेल्या नोंदी, वाचत नाही.

सर गेले ते दोन हजार चारच्या उन्हाळ्यात. टाइपरायटरचे दिवस तसेही भरत आले होते. शोभाकाकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, सगळ्या मशिनी भंगारात काढल्या आणि मयुरीनं सहा जुने कॉम्प्युटर आणले. त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स मी घालून दिलं. मराठीचा जुना टाइपरायटरचा कळफलक बसवला, म्हणजे बोटांना नव्यानं शिकायला नको. टेबलं तीच, खुर्च्या त्याच. सरांची पट्टी त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती. काकूंनी तिला रोज फुलं वाहायला सुरुवात केली होती.

तेव्हा आमच्याकडे भारनियमन जोरात होतं. अर्धा दिवस क्लास इन्व्हर्टरवर चालायचा. म्हणून मी प्रत्येक मशीनवर वेग सांभाळणारी एक सर्व्हिस, म्हणजे मागे आपोआप चालणारा प्रोग्राम, चालू केली. प्रोसेसरला वेगाच्या ठरलेल्या पायऱ्या असतात. काम नसलं की ही सर्व्हिस त्याला खालच्या पायरीवर उतरवते, काम आलं की वर चढवते. बॅटरी टिकते आणि मशीनही तापत नाही. कधी उतरायचं आणि कधी चढायचं हे जो भाग ठरवतो त्याला लिनक्समध्ये गव्हर्नर म्हणतात. ते सगळं बसवताना मला सरांची आठवण झाली आणि एकट्यालाच हसू आलं.

दोन हजार सहाच्या एप्रिलमध्ये मयुरीचा फोन आला.

"हेमराज, माह्यी मशीन उतरून राह्यली."

"म्हणजे? बंद पडून राह्यली का?"

"बंद नाई. हळू होते. मी चढली का ते उतरते. तू येऊन पाह्य ना एकदा."

शेजारच्या जिल्ह्यात लिपिकाची जागा निघाली होती. लेखी परीक्षा ती पास झाली होती. आता नागपूरला टायपिंगची चाचणी, कॉम्प्युटरवर. वयाची अट त्याच वर्षी संपत होती. यानंतर तिला सरकारी नोकरीचा अर्जच करता येणार नव्हता. लग्नाचं वयही असंच क्लासमध्ये निघून गेलं होतं. स्थळं आली होती, पण सरांना कुठलंच गाव जवळ वाटलं नाही. फोनवर ती हे काही बोलली नाही, पण मला माहीत होतं.

रविवारी गेलो. मयुरी पहिल्याच खुर्चीवर बसली होती, केसांत एक पांढरी बट. ती टाइप करू लागली. सुरुवात झकास. मग तिचा वेग वाढला, आणि अक्षरं मागे राहायला लागली. बोट पडून गेल्यावर अक्षर उमटायचं. ओळ संपली तसा तिचा डावा हात उचलला गेला आणि नसलेली कॅरेज सरकवून परत आला. तिच्याही लक्षात आलं आणि ती हसली.

"ही सवय काही जात नाई बापा."

मी दुसऱ्या खिडकीत प्रोसेसरचा चालू वेग दाखवणारी फाइल उघडली. वरची पायरी दोन हजार मेगाहर्ट्झची, खालची एक हजाराची. मयुरीनं हात उचलले की आकडा दोन हजार. तिनं भरभर टाइप करायला घेतलं की एक हजार. हे बरोबर उलटं चाललं होतं. मी शोध घेतला तेव्हा कारण लगेच सापडलं. लिनक्ससोबत आलेली एक सर्व्हिस आधीच चालू होती, आणि तिच्यावर मी माझी दुसरी चढवली होती. दोघी एकाच प्रोसेसरला आपापल्या बाजूला ओढत होत्या. नवशिके अशी चूक करतात. मी एक बंद केली, मशीन पुन्हा सुरू केली आणि काकूंच्या हातचा चहा पिऊन ऐटीत वर्ध्याला परत आलो.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. "उतरून राह्यली."

या वेळी मी तयारीनं गेलो. मशीन उघडून पंख्यातली धूळ काढली. धूळ कसली, पीठच ते. तापमान बघितलं, नीट होतं. उरलेली सर्व्हिसही बंद केली आणि वेग कायम वरच्या पायरीवर राहील असं करून टाकलं. आता उतरवणारं कुणी उरलंच नव्हतं.

मी स्वतः बसून टाइप केलं. आकडा दोन हजारांवर स्थिर.

क्लासला येणाऱ्या आचलला बसवलं. दोन हजार.

मयुरी बसली. तिनं चार शब्द टाइप केले आणि आकडा खाली आला.

"तू काऊन हात जोरात मारतं?" मी म्हटलं. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं. जोरानं कळ दाबल्यानं प्रोसेसर हळू होत नाही, हे मला माहीत होतं. खरं म्हणजे एक हजारावरही टायपिंगला फरक पडायचं कारण नव्हतं. त्या मशीननं त्याहून कितीतरी जड कामं हसत केली असती.

मी तिला खिडकीजवळच्या दुसऱ्या मशीनवर बसवलं. तिथला आकडा पडला. तिसऱ्या मशीनवरही तेच झालं. ज्या मशीनवरून ती उठायची ती लगेच सुधारायची. आचल हे बघून खुदखुदली, "ताईले पाहून मशिनी लाजतात." मयुरी हसली नाही.

त्या दिवशी मी शेवटचा उपाय केला. मशीनच्या आतल्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन वेग बदलायची सोयच बंद केली. आता लिनक्सला वाटलं तरी पायरी बदलता येणार नव्हती. वेग दाखवणारी फाइलसुद्धा तिच्या जागी उरली नाही. मयुरीला पुन्हा पहिल्या खुर्चीवर बसवलं आणि मी मागे उभा राहिलो.

ती सुरू झाली. महोदय, आपल्या पत्रास अनुसरून कळविण्यात येते की. सरांचा नेहमीचा उतारा होता तो. पहिली ओळ बोटांबरोबर आली. दुसऱ्या ओळीला अक्षरं मागे पडली. पण आता ती अडखळत येत नव्हती. एकेक अक्षर सारख्या अंतरानं येत होतं. मयुरीची बोटं कशीही धावोत, पडद्यावर अक्षर आपल्या वेळेलाच पडत होतं. मी ते बघत राहिलो आणि नकळत माझ्या उजव्या पायाचा अंगठा चपलेत हलायला लागला. एका ठोक्याला एक अक्षर. हा ठेका मला पाठ होता.

मयुरीनं हात मांडीवर घेतले. अक्षरं तरीही थोडा वेळ येत राहिली, मागची उरलेली.

"तुले बी ऐकू आलं का?" तिनं माझ्याकडे न बघता विचारलं.

"ऐकू यायसारखं काय आहे त्यात?" मी म्हटलं. आवाज कुठलाच नव्हता, हे खरं होतं. खालची चक्कीसुद्धा त्या वेळी बंद होती.

काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्या पोह्यांवर कोथिंबीर टाकत होत्या. ताट माझ्यासमोर ठेवलं आणि स्वतः ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. बारीक, ठेंगणी बाई, कपाळावर गोंदण, आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता. शाळा सातवीपर्यंत. इतक्या वर्षांत क्लासच्या खोलीत त्या झाडायला आणि दिवा लावायलाच जायच्या.

"सुधरली का रे मशीन?"

"नाई काकू. दुसरी आणून पाहतो."

"दुसरीनं काय होईन?" त्यांनी कोथिंबिरीच्या काड्या गोळा केल्या. "हेमराज, पोरीचा हात खराब नव्हता. कधीच नव्हता. तुमच्या सगळ्यांच्या आधी बसला होता तिचा हात. मीच इचारलं होतं एक डाव ह्यायले, का बा तिले परीक्षेच्या टायमाले काऊन उतरवून ठेवता. त म्हणाले, सारे चढतात अन् निंघून जातात. एक त राहू दे घरात."

इतकी वर्षं ज्या माणसाला मी देवाच्या खालोखाल मानत आलो होतो, त्याचा मला त्या क्षणी राग आला, आणि राग आल्याचं वाईटही वाटलं.

"तुम्ही काही म्हटलं नाई?"

"काय म्हणणार? मले बी पोरगी जवळ पायजेच होती ना तवा." त्यांनी पदरानं ओटा पुसला. "आता वाटते, जाऊ दे तिले. माह्या मागं कोण आहे तिले इथं? पण ते सोडून नाई राह्यले."

मी काकूंना समजावलं. उन्हाळा आहे, वीज कमीजास्त येते, जुन्या मशिनी आहेत, नागपूरच्या सेंटरवर नवे कोरे कॉम्प्युटर असतील. त्या ऐकून घेत होत्या. माझं मलाही ते पटत होतं, निदान पोहे संपेपर्यंत तरी.

चाचणीच्या दिवशी मयुरी सकाळच्या गाडीनं नागपूरला गेली. आदल्या दिवशी तिनं मला फोन करून सांगितलं होतं, "आईजवळ येऊन बसजो. एकटी असली का घोर करत बसते." मी रजा टाकून गेलो. माझा आणखी एक हेतू होता. मयुरी गावात नसताना ती मशीन काय करते, ते मला बघायचं होतं. वेग बदलायची सोय मी पुन्हा चालू केली, पण सगळ्या मशिनी वरच्या पायरीवर बांधून ठेवल्या, वेगाची फाइल उघडली आणि आकडा डोळ्यांसमोर ठेवला.

दुपार झाली. खालची चक्की बंद होती. ताट्यांवर पाणी मारून झालं होतं आणि खोलीत ओला, जुना वास भरला होता. काकू भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. छोट्या गाडीची शिटी आता ऐकू येत नसे, पण त्या वेळेला माझे कान अजूनही बाहेर जात.

आकडा दोन हजारांवर होता. मी कळफलकावर काहीतरी बडवून पाहिलं. दोन हजार. दुसऱ्या मशीनवर, तिसऱ्या मशीनवर, दोन हजार.

"काकू, पाहा," मी खुशीत म्हटलं. "आज एकही मशीन उतरून नाई राह्यली. सगळं साफ आहे इथं."

काकूंनी माझ्याकडे बघितलं.

"इथं नाईत ते," त्या म्हणाल्या. "तिच्यासंगं गेले."

भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे नागपूरला चाचणी सुरू होत होती.

काकू उठल्या. पदर कमरेला खोचला. दाराशी टांगलेल्या रुमालाला दोन्ही हात पुसले, आणि पहिल्या खुर्चीवर, मयुरीच्या जागी जाऊन बसल्या. त्यांचे पाय जमिनीला नीट टेकत नव्हते.

"काकू?"

"तू थांब जरा."

त्यांनी कळफलकावर दोन्ही हात ठेवले. बोटं कशी ठेवायची ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. झाडताना जे दिसलं असेल तेवढंच.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, समोरच्या रिकाम्या टेबलाकडे बघून. "मी बसली पाहा इथं. मी कुठीच जात नाई. तिले सोडा आता."

त्यांनी एका बोटानं एक अक्षर दाबलं.

आकडा दोन हजार.

दुसरं अक्षर.

दोन हजार.

काकू थांबल्या, डोळे मिटले आणि पुन्हा दाबलं.

आकडा एक हजारावर आला.

आणि अक्षर उमटलं, जरा थांबून.

मी बाकीच्या मशिनींकडे पाहिलं. त्या तशाच वर होत्या. ही एकटीच उतरली होती. काकू एकेक कळ दाबत होत्या आणि एकेक अक्षर आपल्या वेळेला येत होतं. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण चेहरा शांत होता, पोर निजल्यावर आईचा होतो तसा. मला तिथून निघून जावंसं वाटलं. मी गेलो नाही, ताटीजवळ उभा राहिलो.

संध्याकाळी मयुरीचा फोन आला. आवाजात हसू मावत नव्हतं.

"हेमराज, पयल्यानं उतरली रे. मले वाटलं, गेलं सगळं. अन् मंग एकदम सुटली. कोणी हात काढून घेतल्यावानी. माह्यी बोटं मलेच दिसेनात!"

मी रिसीव्हर हातात धरूनच ओरडलो, "काकू, झालं! उठा आता, तोंड गोड करा."

"सांग तिले, आई खूश झाली म्हणा." काकू खुर्चीतच होत्या. "बॅच सुटली का उठतो."

त्या गंमत करताहेत असं समजून मी हसलो. शेवटची बस पकडायची होती. मी निघालो तेव्हाही त्या बसूनच होत्या.

मयुरीला नोकरी लागली. पावसाळ्यात ती रुजू झाली. पेढे द्यायला पिपरीला घरी आली होती तेव्हा तिनं नवी साडी नेसली होती आणि दहा वर्षांनी लहान दिसत होती. आईला सोबत चल म्हणून ती पुष्कळ मागे लागली, पण काकूंनी घर सोडायला साफ नकार दिला. क्लास बंद झाला, पाच मशिनी विकल्या. सहावी काकूंनी ठेवून घेतली. मला ऐकून जरा नवल वाटलं. मग वाटलं, पोरीची आठवण म्हणून ठेवली असेल. नंतर मी माझ्या कामात बुडून गेलो.

दिवाळीनंतर देवळीला एका लग्नाला गेलो होतो. येताना वाट वाकडी करून पुलगावला उतरलो. दुपारची वेळ होती. चक्की चालू होती आणि जिन्यात तोच पिठाचा वास. जिना चढताना खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. वरून टायपिंगचा आवाज येत होता. भरभर, साफ, एकसारखा. मला वाटलं, मयुरीच सुट्टीवर आली.

दार उघडं होतं. पहिल्या खुर्चीवर काकू बसल्या होत्या. दहाही बोटं कळफलकावर, नजर समोर, कळांकडे एकदाही नाही. महोदय, आपल्या पत्रास अनुसरून कळविण्यात येते की. ओळ संपली. त्यांचा डावा हात अलगद उचलला गेला, कॅरेज सरकवून परत आला.

"ये हेमराज," त्या मागे न बघता म्हणाल्या. "बस. जेवला का?"

"काकू, तुम्ही कवा शिकल्या?"

"शिकून राह्यली ना. लय उतरवतात मले."

स्वयंपाकघरातून करपलेल्या दुधाचा वास येत होता. मी धावत जाऊन गॅस बंद केला. पातेलं काळं पडलं होतं. ओट्यावर वाढून ठेवलेलं ताट होतं, त्यातल्या भातावर साय धरल्यासारखा थर आला होता.

तेवढ्यात फोन वाजला. काकू उठल्या नाहीत.

"उचल तूच. मयूचा अशीन."

मयुरीच होती. माझा आवाज ऐकून तिला आनंद झाला. "बरं झालं तू गेला. आई दुपारी फोनच नाई उचलत. बरी आहे ना ते?"

"बऱ्या आहेत. टायपिंग करून राह्यल्या."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मले दे तिले," मयुरी म्हणाली.

मी रिसीव्हर तारेला ताण देऊन काकूंकडे नेला. तार पुरली नाही. हातभर अंतर राहिलं.

"काकू, उठा ना. मयू आहे. एवढं बोलून घ्या."

काकूंची बोटं थांबली नाहीत. वळून त्यांनी रिसीव्हरकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कशी उठू रे," त्या म्हणाल्या. "पट्टी आडवी कुठी ठेवली त्यायनं अजून."

मी सरांच्या टेबलाकडे पाहिलं. टेबल मोकळं होतं. मग मागच्या भिंतीकडे पाहिलं.

खिळ्याला ताज्या फुलांची माळ लटकत होती. पट्टी तिथे नव्हती.